कारखान्याचा आवाज घरात किती येतो? नाशिकच्या श्रमिकनगर, सातपूर इथल्या मोजणीच्या नोंदी

2 जानेवारी 2025, गुरुवार

आमच्या लेनच्या मागे एका प्रेस शॉपची, म्हणजे पत्रा दाबून-कापून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याची, कंपाउंड भिंत आहे. फीत लावून मोजलं, शेवटच्या घरापासून भिंत 38 मीटरवर. दिवाळीनंतर तिथे रात्रीची शिफ्ट सुरू झाली आणि लेनमधल्या लोकांची झोप गेली. कारखान्याचं नाव इथे लिहिणार नाही. त्यांच्याच माणसांबरोबर बसून हे सोडवायचं आहे.

मी 27 वर्षं अंबडमध्ये प्रेस शॉपच्या मेंटेनन्समध्ये काढली, म्हणून लेनवाल्यांनी हे काम माझ्याकडे दिलं. शेजारच्या काकूंची मुलगी बारावीला आहे, पेपर 11 फेब्रुवारीपासून. काकू म्हणाल्या, "दादा, तक्रार नंतर करा, आधी तिच्या परीक्षेच्या आत काहीतरी होऊ द्या." तीच तारीख धरून निघालो.

आज मोबाइलमधल्या अ‍ॅपने मोजलं. माझ्या फोनवर 61, मुलाच्या फोनवर 68. जागा एक, वेळ एक, आणि फरक 7 डेसिबलचा. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो, जाड घूं आवाज तो गाळून टाकतो. आकडा सांगायचा असेल तर फोन बाजूला ठेवा.

5 जानेवारी, रविवार

क्लास 2 चा साउंड लेव्हल मीटर भाड्याने मिळाला, रात्रीचे 1,200 रुपये, सोबत ट्रायपॉड आणि कॅलिब्रेटर, म्हणजे ठरावीक 94 डेसिबलचा आवाज देऊन मीटर तपासायचं यंत्र. रात्री दीड तास मोजत बसलो. घरी येऊन कॅलिब्रेटर लावला तर 94 च्या जागी मीटर 92.9 दाखवत होता. मोजणीच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा तो लावायचा असतो. मी आधी लावलाच नव्हता, त्यामुळे आजचे सगळे आकडे खोडले. एक रात्र आणि 1,200 रुपये वाया.

7 जानेवारी, मंगळवार

शेवटच्या घराच्या पहिल्या मजल्यावरची मोकळी गच्ची मोजणीसाठी धरली, कारण झोपायच्या खोल्या त्याच उंचीवर आहेत. रात्री 11:30 ते 12. ए वेटिंग (माणसाच्या कानाला ऐकू येतो तसा तोललेला आवाज), सरासरी पातळी म्हणजे एल-ईक्यू: 57.4.

निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45. ध्वनी प्रदूषण नियम 2000 मध्ये रात्र म्हणजे रात्री 10 ते सकाळी 6. म्हणजे आम्ही 12.4 ने वर. ग्रुपवर आकडा टाकला आणि सगळे पेटले. नियमात तक्रारीसाठी मर्यादेपेक्षा 10 डेसिबल किंवा जास्त असा उंबरठा आहे, तो आपण ओलांडला, उद्याच अर्ज देऊ, असं ठरलंसुद्धा.

9 जानेवारी, गुरुवार

परवाचा आकडा चुकीचा होता. चूक माझीच.

थंडी वाजत होती म्हणून मी ट्रायपॉड जिन्याच्या खोलीच्या भिंतीला टेकवून ठेवला होता. भिंतीवरून परतणारा आवाज मीटरमध्ये पुन्हा शिरतो आणि आकडा जवळजवळ 3 डेसिबलने फुगतो. आज भिंतीपासून साडेतीन मीटर लांब, गच्चीच्या फरशीपासून दीड मीटर उंच, माइकवर स्पंजची टोपी. तीच वेळ, तीच यंत्रं चालू. एल-ईक्यू 54.6.

म्हणजे मर्यादेपेक्षा 9.6 ने वर. उंबरठ्याच्या जरासं खाली.

रात्रीच लेनमध्ये बैठक झाली. दोघा-तिघांचं म्हणणं पडलं की मंगळवारचाच आकडा देऊ, कोण तपासायला येतंय. मी स्पष्ट नाही म्हणालो. समोरचा उद्या स्वतःचा मीटर आणून नीट ठेवेल, 54.6 दाखवेल आणि त्यानंतर आपण खरं बोललो तरी कुणी ऐकणार नाही. खरं म्हणजे 54.6 सुद्धा थोडा नाही. काकूंनी बाजू घेतली: "खोटं कशाला? खऱ्यानेच झोप जातेय की आमची." तिथे विषय मिटला. आजपासून वहीत प्रत्येक आकड्यापुढे जागा, वेळ, भिंतीपासूनचं अंतर, वारा आणि कुठलं यंत्र चालू होतं हे लिहायचं ठरलं. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

11 जानेवारी, शनिवार

त्या कारखान्याची साप्ताहिक सुट्टी शनिवारी. सगळं बंद असताना आपल्या लेनचा स्वतःचा आवाज किती, हे आजच कळणार होतं. जागा तीच, वेळ 11:30 ते 12. एल-ईक्यू 43.8. एल-90, म्हणजे 90 टक्के वेळ आवाज ज्याच्या वर असतो ती पातळी, 41.2. दोनदा कुत्री भुंकली, तेवढे तुकडे काढून टाकले.

हा आकडा नसता तर पुढचं काहीच करता आलं नसतं. चालू असताना 54.6, बंद असताना 43.8. डेसिबलची सरळ वजाबाकी होत नाही, ऊर्जेत काढावी लागते. तशी काढली तर एकट्या कारखान्याचा वाटा 54.2 येतो. "रस्त्याचा आवाज आहे" हे उत्तर आता कुणी देऊ शकणार नाही.

पण ही सगळी अर्ध्या तासाची मोजणी. मर्यादा तर आख्ख्या रात्रीच्या सरासरीवर आहे.

13 जानेवारी, सोमवार

सकाळी महापालिकेत, राजीव गांधी भवनात, नगररचना विभागात झोन दाखल्याचा अर्ज दिला. आपली घरं औद्योगिक झोनमध्ये निघाली तर मर्यादा दिवसा 75, रात्री 70 होते आणि आपलं सगळं म्हणणं कोसळतं. एमआयडीसीला लागून राहणाऱ्यांनी मीटर आणण्याआधी हा कागद बघावा. मी उलटं केलं. सुदैवाने आमचा गट निवासी निघाला.

काल रात्री 10 ते आज सकाळी 6 सलग मोजलं. मुलगा आणि मी आळीपाळीने स्वेटर, कानटोपी, घोंगडी घेऊन गच्चीवर. दीड वाजता प्रेसचे ठोके बंद झाले आणि मला वाटलं, आता शांत. तसं झालं नाही. ठोके थांबल्यावर खालून एक सलग घूं वर आली, मधमाश्यांचं पोळं भिंतीआड असावं तशी. दीडपर्यंत 54.6, दीडनंतर 50.3, आख्ख्या रात्रीचं एल-ईक्यू 52.7.

सकाळी बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "मला ठोक्यांनी जाग येत नाही हो, ते थांबले की येते." दहा दिवस मी फक्त ठोक्यांच्या मागे होतो. लोकांना आधी नीट विचारायला हवं होतं. आज संध्याकाळी घरोघर एक साधा कागद फिरवला: जाग किती वाजता येते, आवाज कसा येतो. 22 पैकी 15 घरांनी दीडनंतरची वेळ लिहिली.

15 जानेवारी, बुधवार

काल संक्रांत, पतंग आणि स्पीकर, मोजणी शक्यच नव्हती. आज कारखान्यात गेलो, मी आणि काकू. काकूंनी तिळगुळाचा डबा नेला होता.

मालक चिडलेले होते. आधी कुणीतरी फोनवर धमकावलं होतं म्हणे. मी वही पुढे ठेवली आणि 7 तारखेचा खोडलेला आकडाही दाखवला. तो का खोडला हे सांगितल्यावर त्यांचा आवाज खाली आला. त्यांच्या मेंटेनन्सच्या भाऊंनी वही शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाले, "काका, शनिवारी रात्री या. एकेक यंत्र चालू करून दाखवतो."

सुट्टीच्या रात्री स्वतःहून थांबायला तयार झालेला माणूस. त्यांचे आभार आधीच लिहून ठेवतो.

18 जानेवारी, शनिवार

रात्री 11 ते 1. मी गच्चीवर मीटरपाशी, मुलगा कारखान्यात, मध्ये फोन. दर वेळी दहा मिनिटं एकच गोष्ट चालू.

सगळं बंद 43.8. फक्त कंप्रेसर 46.0. फक्त शॉट ब्लास्टिंगच्या (छर्रे मारून भाग साफ करायच्या यंत्राच्या) डस्ट कलेक्टरचा, म्हणजे धूळ ओढणारा, ब्लोअर 49.6. फक्त प्रेस, शटर नेहमीसारखं उघडं, 53.1.

लेनचा आवाज वजा केल्यावर वाटे असे: कंप्रेसर 42.0, ब्लोअर 48.3, प्रेस 52.6. हे तिन्ही आणि लेनचा 43.8 परत ऊर्जेत मिळवले तर 54.6 च येतो. बेरीज जुळली तेव्हा खरंच बरं वाटलं, कारण मग कुठलं चौथं यंत्र लपलेलं नाही.

आता घूं. मीटरवर एक-तृतीयांश ऑक्टेव्ह लावलं, म्हणजे जाड ते बारीक आवाजाचे पट्टे पाडून प्रत्येकाची पातळी वेगळी दिसते. ब्लोअर चालू असताना 250 हर्ट्झच्या पट्ट्यात 56, शेजारच्या 200 मध्ये 45 आणि 315 मध्ये 44. या भागात एक पट्टा दोन्ही शेजाऱ्यांपेक्षा 8 किंवा जास्त डेसिबलने वर असेल तर तो सूर धरतात. मुलाने टॅकोमीटरने ब्लोअरचे फेरे मोजले, मिनिटाला 1,450. पाती 10. 1,450 गुणिले 10 भागिले 60, म्हणजे 242 हर्ट्झ. त्याच पट्ट्यात. सूर कुठून येतो याची शंका उरली नाही.

मुलगा शेडमधून आणखी दोन गोष्टी बघून आला. ब्लोअर आणि डक्ट (हवेची नळी) यांच्यामधला कॅनव्हास फाटून त्यावर पॅकिंग टेप गुंडाळलेली. आणि प्रेसच्या मागे कापलेल्या पत्र्याचे तुकडे छातीच्या उंचीवरून रिकाम्या लोखंडी बिनमध्ये पडतात. आम्ही ज्याला प्रेसचा ठोका म्हणत होतो त्यातला खणखणाट या बिनचा होता. बिन रिकामी असताना क्षणिक कमाल 71 पर्यंत गेली.

22 जानेवारी, बुधवार

मालकांनी कंपाउंडवर पत्रे लावायचं काम सुरू केलं. मी सांगितलं होतं की आधी ब्लोअर घ्या, पण पत्रेवाला ओळखीचा आणि मोकळा होता. मीही फार ताणून धरलं नाही. धरायला हवं होतं.

आज रात्रीची मोजणी गेली. निवृत्तिनाथांच्या यात्रेला निघालेली दिंडी मंदिराच्या पटांगणात मुक्कामाला होती, टाळ-मृदंग आणि हरिपाठ. मीटर बंद केला आणि भजनाला जाऊन बसलो. त्र्यंबक रोडच्या आसपास पौष वद्य एकादशीच्या आधीचे तीन-चार दिवस मोजणीसाठी धरूच नका.

28 जानेवारी, मंगळवार

पत्रे लागून झाले, भिंतीसकट उंची 10 फूट, खर्च 46,000 रुपये, सहा दिवस. आधी 54.6. आज 54.0.

गच्चीवर उभं राहून बघितलं तर कारण डोळ्यांसमोर होतं. पत्र्याच्या वरून शटरचा वरचा भाग दिसतो, छतावरचा ब्लोअर तर पूर्ण दिसतो. अडथळ्याने नजर तुटत नसेल तर आवाजही तुटत नाही. झोपायच्या खिडकीत उभं राहून यंत्र दिसतंय का बघा, दिसत असेल तर कंपाउंडवर पैसे घालू नका. मोजणीच्या आधी ही पाच मिनिटं मी दिली असती तर कारखान्याचे 46,000 वाचले असते. मालक काही बोलले नाहीत, पण मला त्याची खंत आहे.

परीक्षेला 14 दिवस.

2 फेब्रुवारी, रविवार

आज सगळ्यात स्वस्त कामं. जुन्या कन्व्हेअर बेल्टचे तुकडे भंगारातून आणून बिनच्या तळाला आणि बाजूंना आतून बोल्टने बसवले. बिनखाली स्टँड करून पडण्याची उंची छातीवरून गुडघ्यापर्यंत आणली. खर्च बोल्ट-नट आणि चहा धरून 1,100 रुपये. क्षणिक कमाल 71 वरून 63.

मग शटर. रात्री 10 नंतर बंद ठेवायचं, एवढं सांगून ते होणार नाही हे मला माझ्या 27 वर्षांवरून माहीत आहे. आत गरम होतं म्हणून माणसं ते उघडतात, आणि त्यांचं बरोबर आहे. शिवाय शटर बंद केलं की आवाज आतच घुमतो. ऑपरेटरच्या कानाशी मोजलं, उघडं असताना 91, बंद केल्यावर 93. आठ तासांच्या पाळीला कारखान्यात 90 ची मर्यादा आहे, म्हणजे ती आधीच ओलांडलेली. माझा स्वतःचा कान 4,000 हर्ट्झला उतरलेला आहे, तपासणीचा कागद घरात आहे. आपल्या झोपेसाठी आतल्या पोरांचे कान द्यायचे, हे मला मान्य नाही.

मालकांशी यावर तासभर बोलणं झालं. ठरलं ते असं: घरांच्या उलट्या बाजूच्या भिंतीत दोन मोठे एक्झॉस्ट पंखे, इअर मफ प्रत्येकाच्या नावाने, प्रेसच्या मागच्या भिंतीला आतून रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर) आणि छिद्रांचा पत्रा. पंखे आणि मफ याच आठवड्यात आले. भिंतीचं काम बाकी.

8 फेब्रुवारी, शनिवार

सुट्टीचा दिवस, ब्लोअर पूर्ण खोलला. सकाळी 8 ते रात्री 9.

फाटका कॅनव्हास काढून नवा बसवला. ब्लोअरचं तोंड घरांकडे होतं, ते एल्बो, म्हणजे नळीचा वळणाचा तुकडा, लावून उलट्या दिशेला वळवलं. त्यावर दीड मीटर लांबीचा सायलेन्सर. फॅब्रिकेटरने 25 मिलिमीटर फोमचा स्वस्तातला सुचवला होता. या जाड सुरावर पातळ फोम काही करत नाही, म्हणून 100 मिलिमीटर रॉकवूल, वर काचेचं कापड आणि छिद्रांचा पत्रा असा बनवून घेतला. 31,000 रुपये.

इथे एक चूक झाली, आणि तीही मेंटेनन्सच्या माणसाकडून. बेसखाली रबर पॅड टाकले, बोल्ट आवळले, चालू केलं, आणि शेडच्या ट्रसला, म्हणजे छताच्या लोखंडी सांगाड्याला, हात लावला तर थरथर तशीच. बोल्ट बेसच्या लोखंडाला घासत खालच्या चॅनेलमध्ये जात होते, रबर नुसतं मध्ये बसलं होतं. परत खोललं, भोकं मोठी केली, बोल्टला रबरी बुश आणि वर-खाली रबरी वॉशर घातले. पुन्हा हात लावला तर ट्रस शांत. तीन तास यात गेले. पॅड टाकले की काम झालं असं समजू नका, ट्रसला तळहात लावून बघा.

11 फेब्रुवारी, मंगळवार

आज पहिला पेपर, इंग्रजी. सकाळी काकूंच्या मुलीने पाया पडताना सांगितलं, "काका, रात्री झोप लागली."

संध्याकाळी ब्लोअरला ड्राइव्ह, म्हणजे मोटरचे फेरे कमी-जास्त करायचं यंत्र, बसवला. कारखान्यात पडून असलेला होता, त्यामुळे खर्च फक्त वायरिंगचा, 2,400. ब्लोअरचे फेरे कमी केले की आवाज झपाट्याने उतरतो, 80 टक्क्यांवर आणला तर जवळजवळ 5 डेसिबल. म्हणून 1,160 वर आणला. गच्चीवर छान वाटलं. पण दहा मिनिटांत भाऊंचा फोन आला, शॉट ब्लास्टिंगच्या दाराच्या फटीतून धूळ बाहेर यायला लागली होती. फेरे 80 टक्के झाले की ओढ 64 टक्केच उरते. मी खाली जाऊन बघितलं. ट्यूबलाइटच्या उजेडात दाराच्या कडेने बारीक करडी धूळ लोंबत होती आणि ऑपरेटरच्या भुवयांवर बसली होती. लगेच वाढवायला सांगितलं. दाराची रबरी पट्टी बदलली, 1,160 पासून 20-20 ने चढत गेलो आणि 1,300 वर फटीतून येणारी धूळ पूर्ण थांबली. तिथेच ठेवला. सुमारे अडीच डेसिबलचा फायदा, बाकीचा सोडला.

20 फेब्रुवारी, गुरुवार

काल पुन्हा आख्खी रात्र, तीच जागा, वारा नाही. मोजणीच्या आधी कॅलिब्रेटर 94.0, नंतर 93.9.

दीडपर्यंत 50.1, आधी 54.6 होतं. दीडनंतर 47.2, आधी 50.3. रात्रीची सरासरी 48.7, आधी 52.7. ब्लोअरचा सूर आता 217 हर्ट्झवर सरकलाय, 200 च्या पट्ट्यात 47, शेजारी 43 आणि 42, म्हणजे सूर म्हणावा इतका तो वर नाही. कागद परत फिरवला. दीडनंतर जाग येते असं आज चार घरांनी लिहिलं.

मर्यादा 45 आहे. आपण अजून 3.7 ने वर आहोत आणि लेनचा स्वतःचाच आवाज 43.8 आहे, त्यामुळे शेवटचे दोन-तीन डेसिबल सगळ्यात जड जाणार. मालकांना हे आकडे जसेच्या तसे दिले. प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायच्या अर्जात 48.7 हाच आकडा घालून तो तयार ठेवलाय, हेही त्यांना तोंडावर सांगितलं.

खर्चाचा हिशेब: मीटरच्या 11 रात्री, 13,200 रुपये, 22 घरांत प्रत्येकी 600. कारखान्याचा खर्च पत्रे 46,000, सायलेन्सर 31,000, ड्राइव्हचं वायरिंग 2,400 आणि बिन 1,100. एक्झॉस्ट पंखे आणि मफ त्यांनी परस्पर घेतले.

बाकी राहिलेलं: कंप्रेसर रूमची जाळी घरांच्या दिशेला आहे, तिचा 42.0 चा वाटा तसाच आहे. भाऊ म्हणाले, 1 मार्चच्या शनिवारी जाळी काढून तिथे वळणाचा डक्ट टाकू. प्रेसमागच्या भिंतीचं रॉकवूलही तेव्हाच. मीटर 3 मार्चच्या रात्रीसाठी सांगून ठेवलाय.